एकोणीस गाऱ्हाणी

"किती उरली म्हणालास?" भिकोबाबांनी विचारलं.

"एकोणीस, बाबा."

"आणि होती किती?"

"चार हजार दोनशे सहा."

बाबांच्या भुवया वर गेल्या. यदुनाथला बरं वाटलं.

आमच्या मठाची रीत अशी, की गुरुवारी येणाऱ्यानं दाराशी ठेवलेल्या वहीत आपलं नाव आणि गाऱ्हाणं एका ओळीत लिहायचं. लिहिता येत नसेल त्यानं शेजारच्याकडून लिहून घ्यायचं. मग बाबांपुढं बसायचं. अशा सहा वर्षांच्या वह्या साठल्या होत्या. यदुनाथ हा शहरातून शिकून आलेला शिष्य. त्यानं त्या सगळ्या कॉम्प्युटरवर एक्सेलच्या तक्त्यात उतरवल्या, आणि गाऱ्हाण्यांच्या रकान्यात जे जे पुन्हा आलं होतं ते काढून टाकलं.

"बटण दाबलं की झालं?"

"तसं लगेच नाही. 'गुडघा दुखतो' आणि 'गुडघे दुखतात' ही दोन वेगळी धरत होतं ते. मी हातानं एक केली. दोन महिने गेले त्यात."

"गुडघ्यांवर उपकार झाले."

यदुनाथ हसला नाही.

"बाबा, डॉक्टरांनी तासाच्या वर बसू नका म्हणून सांगितलंय. तुम्ही सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसता, मग खोकला थांबत नाही. माणसं सांगतात ती एकोणीसच दुःखं. त्यांवरची तुमच्याच तोंडची उत्तरं मी छापून आणलीत. आजपासून कागद वाटू द्या."

बाबांनी छापील कागदांचा गठ्ठा हातात घेऊन परत दिला.

"वाट," ते म्हणाले.

पहिल्या आल्या हौसाबाई, खालच्या वाडीच्या. यदुनाथनं तक्ता पाहिला. 'मुलगा बोलत नाही.' ओळ चौथी. एकट्या त्यांच्या नावावर हेच बावीस वेळा.

त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानंच कागद वाचून दाखवला. "रागाला राग देऊ नका. आपण होऊन हाक मारा. धीर धरा."

"बेस सांगितलंस, लेकरा." हौसाबाईंनी कागदाची बारीक घडी केली, कमरेला खोचली.

आणि बसूनच राहिल्या.

"आजी, झालं," यदुनाथ म्हणाला.

"व्हय. झालंच की."

मग त्या बाबांकडं वळल्या.

"काल त्यानं अंगणात पाणी मारलं. माझी गोधडी पडलेली तिथं वाळत. आधी ती उचलून कट्ट्यावर ठेवली, मग मारलं. बोलला न्हाई कायबी."

बाबा जरा पुढं सरकून बसले.

"ठेवताना घडी केली?"

"केली. वाकडीतिकडी. बापासारखीच."

दोघंही हसली, सावकाश, म्हाताऱ्या माणसांसारखी. हौसाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, नमस्कार केला, आणि पायऱ्या उतरून गेल्या.

यदुनाथचं बोट अजून पडद्यावर होतं.

"बाबा, ओळ तीच आहे. मुलगा बोलत नाही. मागच्या गुरुवारीही त्यांनी हेच लिहवून घेतलं होतं."

बाबांनी पाण्याचा घोट घेतला. दारातल्या पुढच्या माणसाला हातानंच खूण केली, ये, बस.

"मागल्या गुरुवारी," ते म्हणाले, "गोधडी भिजली होती."