येसूचा गाळा आणि महाराजांचं घंगाळ

“कोणीतरी आमचं घंगाळ आपटलंय! आणि आपटणारा आता साळसूदपणे इथेच उभा आहे!”

महाराज भर दरबारात गरजले. प्रत्येकाने शेजाऱ्याकडे पाहिलं. आंघोळीच्या त्या तांब्याच्या घंगाळाला हातभर लांब, सरळ आडवी भेग पडली होती. महाराजांच्या आधी त्यांचं ऊन पाणी मोरीच पिऊन टाकत होती!

“मी सांधते, महाराज,” मागून आवाज आला.

येसू तांबटीण! वडील गेले तेव्हा तिच्या हाती भाता, हातोडी आणि छिन्नी एवढंच भांडवल उरलं. तांबटआळीच्या पार टोकाला, एका झाडाखाली बसून ती फुटकी भांडी दुरुस्त करायची. काम असं, की नाव ठेवायला जागा नाही. पण तिथवर गिऱ्हाईक पोचेल तर शपथ! पाटी रंगवायला पैसे नव्हते, दवंडी पिटवायला तर नव्हतेच.

“मजुरी काय घेशील?” महाराजांनी विचारलं.

“मजुरी नको. वाड्याच्या दरवाजाजवळचा रिकामा गाळा द्या. धंदा वाढवायचाय!”

“अगं, त्या गाळ्यासाठी शेटजी थैल्या घेऊन उभे आहेत,” कारभारी हसले.

“मग घंगाळालाही थैल्याच लावा, कारभारी! पाणी थांबतंय का बघा!”

महाराजांना खट्याळ उत्तरं आवडायची; पण स्वतःचा हट्ट त्याहून जास्त आवडायचा.

“ठीक! पण सांधा आम्हाला शोधूनही सापडता कामा नये. आणि तो तू सांधलास, हे मात्र दसऱ्याच्या दरबारात साऱ्या नगरीला कळलं पाहिजे. दवंडी नाही. तू तोंडातून एक शब्द काढायचा नाही. हरलीस, तर भाता, हातोडी, छिन्नी सरकारजमा!”

“लपवायचंही आणि सांगायचंही?” कारभारी पुटपुटले. “हे ब्रह्मदेवालाही जमायचं नाही!”

“ब्रह्मदेवाला गाळा नकोय,” येसू म्हणाली. “मला हवाय!”

घरी येऊन तिने भेगेत वितळलेल्या कथलाचा डाख भरला. पाणी थांबलं. पण तांब्यावर डाखाची पांढरी रेघ चमकू लागली! घासली, पुसली, ढिम्म हलेना. येसू कपाळाला हात लावून बसली. तेवढ्यात शेजारच्या जानकीमावशी नवा तांब्या घेऊन आल्या.

“येसू, लेकीच्या रुखवतात ठेवायचाय. नाव घालून दे गं.”

येसूने छिन्नी उचलली, नाव घालायला घेतलं, आणि मध्येच टुणकन उठून नाचू लागली.

“मावशी, तुमच्या तोंडात साखर पडो!”

“पडू दे, पडू दे! पण आधी नाव पुरं कर!”

दसऱ्याला दरबार खच्चून भरला. घंगाळ आलं, लख्ख! महाराजांनी ते उलटं केलं, सुलटं केलं, आत डोकं घालून पाहिलं. सांधा कुठेच नाही! घंगाळाच्या पोटावर मात्र ठसठशीत अक्षरं होती.

“वा! आमचं नाव!” महाराज खूश झाले आणि खणखणीत आवाजात वाचू लागले, “श्रीमंत धैर्यशीलराजे महाराजांचे घंगाळ. सांधणार येसू तांबटीण, तांबटआळी, शेवटचे झाड!”

“कोण, येसू?” “शेवटचं झाड म्हणे!” दरबारभर कुजबुज पसरली. महाराजांनी जीभ चावली. साऱ्या नगरीला त्यांनी स्वतःच सांगितलं होतं, तेही फुकटात!

“बरं, कळलं! पण सांधा? सांधा कुठाय?”

येसू ओठ मिटून उभी.

“हरलो, बाई! आता बोल!”

येसूने अक्षरांच्या डोक्यावरच्या रेघेवर बोट ठेवलं. “ही काय भेग! तिच्याखाली अक्षरं टांगली आणि त्यांच्यातही तोच डाख भरला. तुम्ही माझा सांधाच वाचलात, महाराज!”

महाराज इतके हसले, इतके हसले, की मंदिल घसरून नाकावर आला. “गाळा तुझा! वाड्यातली झाडून सगळी फुटकी भांडीही तुझ्याकडेच!”

येसू मुजरा करून वळली, तर भालदार हळूच वाकून तिच्या कानाशी आला.

“येसूबाई, माझ्या पातेल्याची भेग चांगली वीतभर आहे हो. आणि माझं नाव नुसतं भिकू. आता मी काय करू?”