खांबावर आपटलेला डबा

एकदा एका हायस्कूलच्या मैदानावर, सकाळी बरोबर दहा वाजून वीस मिनिटांनी, खो-खोच्या अंतिम सामन्यात शलाका नावाची मुलगी गडी बाद करायला झेपावली आणि तिचं डोकं खांबावर आदळलं. पडली तशीच उठली. रक्त नाही, टेंगूळ नाही.

"शाब्बास गं वाघिणी. बस परत चौकोनात, चालू दे खेळ," तरुण क्रीडाशिक्षक म्हणाला.

त्याला हा खेळ ज्यांनी शिकवला ते वृद्ध गुरुजी शेजारीच होते. ते मैदानात गेले, शलाकाचा हात धरून तिला बाहेर आणून सावलीत बसवलं.

"ही आज खेळणार नाही."

"अहो गुरुजी, तिच्याशिवाय हरू आपण. लागलंय कुठे तिला? बघा तरी."

शलाकाच्या आईने पोरींसाठी दहीपोहे करायला दह्याचा स्टीलचा डबा आणला होता. तो गुरुजींनी उचलला आणि त्याच खांबावर दणकन आपटला.

आई हबकली. "आजोबा, हे काय? रात्री विरजण लावलेलं, वडी पडेल असं लागलं होतं हो."

गुरुजींनी डबा शिष्याच्या हाती दिला. "पोचा आला का बघ."

"नाही."

"मग उघड."

आत दह्याची वडी मोडली होती, पाणी सुटलं होतं.

"तू डबा बघून सांगत होतास, बाळा," गुरुजी सावकाश म्हणाले. "कवटी शाबूत राहते, मेंदू आत हादरतो. तो सावरायच्या आत दुसरा मार बसला, तर जिवावर बेतू शकतं. दह्याचं काय, ही माउली रात्री पुन्हा विरजण लावेल."

तेवढ्यात शलाकाने मान वर केली. "सर, सामना कधी सुरू होणार?" इतका वेळ आपणच खेळत होतो, हे तिला आठवतच नव्हतं.

याच पोरीला शिष्य परत खांबाकडे धाडत होता. त्याने रिक्षा बोलावली, मायलेकींना घेऊन दवाखाना गाठला. सामना कोणी जिंकला हे त्याने संध्याकाळपर्यंत विचारलं नाही.

शलाका बरी झाली. डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच ती मैदानात आली, आणि तीही आधी नुसती चालायला.

ज्यांच्या घरचं लेकरू मैदानावर जातं त्यांना, आणि त्याच्या सरांनाही, एवढं सांगाच: डोक्याला मार लागला की खेळ तिथेच थांबवायचा, पोर कितीही 'मला काही झालं नाही' म्हणो.