राणीच्या उष्ट्या कुप्या

फार जुन्या काळी, डोंगर झोपेत कूस बदलत असत त्या दिवसांत, एका डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होते. नगराला वळसा घालून नदी वाहायची आणि डोंगरमाथ्यावर एक झरा होता. नदी सगळ्यांची होती. झऱ्यावर पाखरे येत, क्वचित एखादा वाटसरू येई.

नगरावर एका राणीचे राज्य होते. तिला एकुलती एक लेक, फुंकर घातली तरी शिंकणारी. एकदा डोंगरावर गेली असता ही लेक झऱ्याचे पाणी ओंजळीने प्याली आणि खुदकन हसली.

"आई, ढग प्यायल्यासारखं वाटतंय गं!"

झाले! त्या दिवसापासून राजवाड्यात झऱ्याचेच पाणी. ते काचेच्या निळ्या कुपीत भरायचे, कुपीचे तोंड मेणाने बंद करायचे आणि खाली आणायचे. राणीचे पाहून सरदारांनी कुप्या मागवल्या, सरदारांचे पाहून ज्यांच्या घरी धड माठ नव्हता त्यांनीही मागवल्या. नदीच्या पाण्याचे नाव काढले की लोक नाक मुरडू लागले.

त्यात त्या नगरात सोवळे फार. ओठाला लागलेली कुपी उष्टी. तिच्यात झऱ्याचे पवित्र पाणी पुन्हा कसे भरायचे? मग रिकामी कुपी नदीत टाकायची आणि वर हात जोडायचे. हात जोडले की कचरा केल्यासारखे वाटत नाही ना!

एका संध्याकाळी नदीतली पाणमांजर ओल्या अंगाने राजवाड्याच्या पायरीशी आली.

"राणीसाहेब, काचांनी माझ्या पिलांचे पाय चिरलेत. पाणी अडलंय, त्याला वास मारतोय. तेवढ्या कुप्या टाकू नका."

राणी हसली. "अगं वेडे, नदी म्हणजे आई. आई लेकरांचं सगळं पोटात घालते."

"घालते हो," पाणमांजर म्हणाली, "पण आईचंही पोट दुखतं."

राणी काही दुष्ट नव्हती. तिने पिलांसाठी झऱ्याच्या पाण्याची एक कुपी देऊ केली. पाणमांजर ती न घेताच परत गेली.

दिवस सरले. कुप्यांचा नदीत बांध झाला. पाणी थांबले, हिरवे झाले, मग काळे झाले. काठच्या विहिरीही नासल्या. लोकांनी नदीकडच्या खिडक्या लावून घेतल्या, की संपले!

आणि एका सकाळी डोंगरावरून नोकर रिकाम्या कुप्या घेऊन परतले. झरा आटला होता.

"आई, पाणी," लेक म्हणाली. राणी अनवाणीच नदीकडे धावली. पाणमांजर काठावर बसली होती.

"झरा कुठे गेला गं?" राणीने विचारले.

"कुठे जाणार? इथेच आहे, तुमच्या कुप्यांखाली. पहाटे नदीवरून धुकं उठायचं, डोंगरावर जाऊन निजायचं, झाडांच्या मुळांशी उतरायचं. जागं झालं की त्यालाच तुम्ही झरा म्हणायचात. आता नदीचा श्वास कोंडलाय. धुकं उठतच नाही."

राणीला रडू कोसळले. "पण माझी लेक आत्ता तहानेली आहे गं!"

"मग काठापासून दूर, वाळूत खड्डा खणा. थेंब थेंब झिरपेल. पोरीपुरतं मिळेल."

तहान लागल्यावर विहीर खणणे म्हणजे काय, ते राणीला त्या दिवशी कळले. बोटांची साले निघाली, तेव्हा कुठे ओंजळभर पाणी आले. लेक वाचली.

दुसऱ्या दिवशी राणी भरजरी लुगड्यानिशी काळ्या पाण्यात उतरली आणि कुप्या काढू लागली. लाजेकाजेस्तव सरदार उतरले, मग सगळे नगर उतरले. टाकताना कुणाला कष्ट पडले नव्हते, पण काढण्यात एक पिढी गेली. तोवर नगर वाळूतल्या खड्ड्यांत झिरपणाऱ्या थेंबांवर तगले. राणीही त्यातच गेली.

लेकीचे केस पांढरे झाले, तेव्हा एका पहाटे नदीवरून धुके उठले आणि डोंगराकडे निघाले. काही दिवसांनी ती काठी टेकत वर गेली. झरा वाहत होता. तिने ओंजळ भरली, पण ओठांना लावली नाही. पहिली ओंजळ तिने आईच्या नावाने जमिनीवर सोडली, कारण आई या पाण्याची वाट पाहत तहानेलीच गेली होती.

म्हणून थोरांनो आणि पोरांनो, ध्यानात ठेवा: नदी नासवून झरा राखता येत नाही.