टांग्यातलं पिस्तूल

संस्थानी काळातली गोष्ट, बरं का. कायदा निघाला की गाडीत पिस्तूल सापडलं तर ते गाडीवानाचं धरायचं, गाडी जप्त करायची.

फौजदारानं सिदाप्पाचा टांगा अडवला. आत जहागीरदाराचा जावई, कमरेला पिस्तूल. फौजदारानं जावयाला मुजरा करून सोडलं आणि सिदाप्पाला धरलं. वर त्याच टांग्यात ऐटीत बसून कचेरी गाठली.

सिदाप्पा दिवाणांना म्हणाला, "टांग्यावरच घर चालतं, सरकार. जप्त करायचा तर करा. पण फौजदारसाहेबांचं पिस्तूलही मग माझंच. तेही माझ्याच टांग्यातनं आलंय."

फौजदार ओरडला, "अरे, माझ्या कमरेला आहे, दिसत नाही?"

"दिसतंय की, साहेब. जावईबापूंचंही असंच दिसत होतं."

दिवाणांनी टांगा सोडला आणि जावयाला आणायला फौजदारालाच धाडलं, पायी.