चष्म्यातली भरलेली वाटी

लुळे पडलेले हात पुन्हा हलते करण्यात जन्म घालवलेल्या एका वृद्ध बाईंकडे एकदा एक गृहस्थ आले. पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला होता. ते इस्पितळात पडून असतानाच पत्नी वारली आणि तिचं अंत्यदर्शनही त्यांना घडलं नाही. मुलगा नव्हता, एक मुलगी होती. आता वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. तिळाचं पाणी आपल्याच उजव्या हाताने सोडावं, एवढी एकच इच्छा त्यांनी धरली होती.

बाईंचा शिष्य त्यांना आभासी दुनियेचा चष्मा लावून व्यायाम देई. चष्म्यात त्यांना आपला हात दिसे, हातात पेला आणि समोर वाटी. खरा हात बोटभर हलला, तरी तिथला हातभर उचलला जाई. रुग्णाला उभारी यावी म्हणून ही मदत सुरुवातीला द्यायची आणि हळूहळू काढून घ्यायची, अशी रीत. पण शिष्य मनाचा हळवा. गृहस्थ हसले की यालाच बरं वाटे, म्हणून तो मदत वाढवत गेला. यंत्र बिचारं सांगितलं तेवढं करतं. रोज वाटी भरू लागली. सगळं मीच करणार, असा निरोप गृहस्थांनी श्राद्ध सांगणाऱ्या गुरुजींना धाडलासुद्धा.

श्राद्धाला दहा दिवस उरले असताना बाईंनी यंत्राचे आकडे पाहिले. मदत उतरण्याऐवजी चढत गेली होती. चष्मा लावून बसलेल्या गृहस्थांच्या हातात त्यांनी पाण्याने भरलेला खरा पेला दिला, बोटं मिटवली आणि आपला हात काढून घेतला. चष्म्यात धार नीट वाटीत पडत होती, इकडे धोतर भिजत होतं. ओल जाणवली तसा त्यांनी डाव्या हाताने चष्मा काढला, मांडीकडे पाहिलं आणि ते हमसून रडले. बाई खाली बसून त्यांचे पाय पुसत राहिल्या.

ते गेल्यावर शिष्य रागानेच म्हणाला, "बाई, दहा दिवस तरी सुखात गेले असते त्यांचे. तेवढंही का हिरावून घेतलंत?"

"इथे सांडलं ते पाणी होतं," बाई म्हणाल्या. "श्राद्धाच्या वेळी असं सांडलं असतं, तर त्यांना वाटलं असतं, तिने माझं पाणी नाकारलं. मग मरेपर्यंत त्यांची समजूत कोणी घातली असती? तुला त्यांचं रडणं बघवत नव्हतं रे. ते तू श्राद्धावर ढकललंस."

शिष्याचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी त्याने मदत शून्यावर आणली. वाटी रिकामी राहू लागली, तरी गृहस्थ रोज येत राहिले.

श्राद्धानंतर ते आले, तेव्हा शिष्याला विचारायचा धीर होईना. तेच म्हणाले, "हात दोन बोटंच उचलला गेला. मुलीला आधीच सांगितलं होतं, मनगटाखाली हात धर. अर्धं पाणी ताम्हनाबाहेर गेलं. जाणार हे ठाऊक होतं, म्हणून घाबरलो नाही. तिच्या आईशी बोलता आलं मला. वर्षभरात पहिल्यांदाच."

शिष्याने त्या दिवशी यंत्र सुरू केलं नाही. तो बराच वेळ त्यांचा हात चोळत बसला.