यजमानाचा हात

एकदा एक वृद्ध स्थपती आपल्या शिष्याने बांधलेले पहिले घर पाहायला निघाला. घर एका धनाढ्य व्यापाऱ्याचे होते. बारा वर्षे गुरूंच्या हाताखाली राबल्यावर शिष्याने हे काम प्रथमच एकट्याने पार पाडले होते. गुरूंनी "पसंत आहे" एवढे दोन शब्द उच्चारले, की त्याला स्वतःच्या नावाने कामे घेता येणार होती. त्यामुळे काय काय दाखवायचे, याची तो रस्ताभर मनात उजळणी करत होता.

दाखवण्यासारखे पुष्कळ होतेही. दिवाणखान्याच्या छताला शिसवी कमळे होती, बैठकीला मखमल होती, आणि पाहुणा जिथे जिथे बसेल तिथे तिथे वारा खेळेल अशी झरोक्यांची योजना होती. पाहुणा बसणार घटकाभर, पण त्याच्या सुखाचा केवढा तो विचार! मोजमापात तर शिष्याने कसूर ठेवली नव्हती. घर यजमानाच्या हाताने मोजावे, म्हणजे ते त्याला लाभते, अशी त्या भागातली रीत. म्हणून त्याने व्यापाऱ्याचा कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हात दोरीने मोजून घेतला होता आणि सारे घर त्या मापात बसवले होते. ओटा दोन हात उंच, खिडकीची कडी साडेचार हातांवर, अगदी मागच्या खोलीपर्यंत हेच. व्यापारी होता चांगला उंचापुरा.

गुरू सगळीकडे फिरले. कमळे पाहिली, "हं" म्हणाले. झरोके पाहिले, पुन्हा "हं" म्हणाले. शिष्याचा चेहरा उतरत चालला. इतक्यात आतून कोणीतरी खोकल्याचा आवाज आला. साधा खोकला नव्हता तो, थांबायचे नावच घेईना.

"आमची मंडळी," व्यापारी हसून म्हणाला. "प्रकृतीच नाजूक. नव्या घरात आल्यापासून चार महिने हेच चाललंय. वैद्यांनी तीनदा काढा बदलला. आता म्हणतात, असंच राहिलं तर पुढचा पावसाळा निभावणं कठीण. पण काय करता गुरुजी, स्वयंपाकाला बाई ठेवता येईल हो, मला मात्र जेवण हिच्याच हातचं लागतं!"

गुरूंनी त्याच्याकडे एकदा पाहिले आणि कोणाची परवानगी न विचारता ते थेट स्वयंपाकघरात शिरले. मागोमाग हे दोघेही गेले.

आत धुराने डोळे उघडत नव्हते. व्यापाऱ्याची बायको अंगाने लहानखुरी होती. ओटा तिच्या छातीशी येत होता, म्हणून पायाखाली पाट घेऊन, पदर नाकाशी धरून ती पातेल्यात वाकून पाहत होती. समोरच्या भिंतीत खिडकी होती, चांगली मोठी होती, आणि घट्ट बंद होती.

"मुली, तू जरा दारात मोकळ्यावर उभी राहा," गुरू म्हणाले. मग व्यापाऱ्याकडे वळले. "शेटजी, या. त्या पाटावर गुडघे टेका."

"मी?"

"हो, आपणच. गुडघे टेका आणि आमटीला फोडणी द्या."

शिष्याला वाटले, म्हातारपणी गुरूंची बुद्धी फिरली. व्यापाऱ्याला ती गंमत वाटली. तो हसतहसत रेशमी धोतरासकट पाटावर गुडघ्यांवर उभा राहिला. तेल तापले, मोहरी तडतडली, मिरच्या पडल्या, आणि सगळा तिखट धूर त्याच्या तोंडावर आला. हसू जागच्या जागी विरले. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि असा ठसका की शब्द कसाबसा फुटला.

"खिडकी! अरे, खिडकी उघडा!"

"उघडा की," गुरू शांतपणे म्हणाले. "आपलीच खिडकी आहे."

व्यापाऱ्याने हात वर ताणला. कडी चांगली हातभर वर राहिली. तो उठू लागला, तेव्हा गुरूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली दाबले. "उठायचं नाही. ती उभी राहूनही एवढीच भरते, ती आणखी कुठे उठणार होती?"

शिष्य खिडकीकडे धावला, तर गुरूंनी त्याचे मनगट पकडले. आता मात्र शिष्याचा संयम सुटला.

"गुरुजी, हा काय प्रकार आहे? घर पसंत नसेल तर तोंडावर सांगा! यजमानांच्या घरात येऊन यजमानांचाच अपमान?"

"अपमान?" गुरूंचा आवाज चढला. बारा वर्षांत शिष्याने तो इतका चढलेला ऐकला नव्हता. "चार महिने या मुलीचा श्वास कोंडतोय, ती नाजूक प्रकृती. आणि याचा चार क्षण कोंडला, तो अपमान! जेवण हिच्या हातचं लागतं ना? मग घर याच्या हाताचं कसं रे? ज्या खोलीत हा माणूस कधी पाऊल टाकत नाही, त्या खोलीची कडी तू याच्या हाताला लावलीस! काढे कसले बदलता? तिच्या छातीत जे भरलंय ते तू बांधलंयस, आणि याने पैसे देऊन बांधून घेतलंय. यजमान कोण, हेच तुला बारा वर्षांत कळलं नाही. जो जिथे राबतो, तो तिथला यजमान!"

त्यांनी व्यापाऱ्याच्या खांद्यावरचा हात काढला. तो धडपडत उठला आणि त्याने कडी ओढली. धूर लोटासारखा बाहेर गेला. व्यापारी तोंड पुसत बायकोवर खेकसला, "अगं, एवढा त्रास होता तर सांगायचंस ना मला!"

"सांगितलं होतं," ती दारातून म्हणाली. "तुम्ही म्हणालात, पाट घे."

मग तिने शिष्याकडे पाहिले. आवाजात राग नव्हता, तेच ऐकवत नव्हते.

"यांनाही सांगितलं होतं, काम चालू होतं तेव्हा. म्हटलं, दादा, कडी तेवढी खाली घ्या, माझा हात पुरत नाही. तर म्हणाले, 'वहिनी, खिडक्यांच्या ओळीत ती एकच वेगळी दिसेल.'"

शिष्याला ते लख्ख आठवले. आपण ते हसून म्हटले होते, हेही आठवले. क्षणापूर्वी गुरूंवर उसळलेला सगळा संताप आता त्याच्या स्वतःवर उलटला. दिसेल! कोणाला दिसणार होते? रस्त्यावरून जाणाऱ्याला!

गुरू काय म्हणतात याची त्याने वाट पाहिली नाही. अंगावरचे उपरणे काढून ठेवले, पटाशी मागवली आणि तो तिला म्हणाला, "वहिनी, इथे उभ्या राहा. पाटावर नको, जमिनीवर. हात सहज जाईल तिथे ठेवा."

तिने भिंतीवर हात ठेवला. शिष्याने तिथे कोळशाने खूण केली.

नवे घर पाहायला कोणी आपल्याला बोलावले, तर दिवाणखान्याचे कौतुक थोडे लांबणीवर टाकावे, आधी स्वयंपाकघरात जावे आणि तिथे जो राबतो त्याला खिडकी उघडायला सांगावे.