एका फोटोपुरती चिठ्ठी

फार पूर्वी, म्हणजे मोबाईलची काच अजून तडकली नव्हती तेव्हा, त्यात प्रत्येक अ‍ॅपचं बंद दाराचं घर होतं. अल्बमताईंच्या घरात हजार फोटो होते, पण बोलायला कुणी नव्हतं.

एकदा निरोप पोहोचवणारा निरोप्या दारात आला. "ताई, लग्नातला एक फोटो हवाय." पाहुणा आला या आनंदात ताईंनी त्याच्या हातात किल्लीच ठेवली. "हवा तो घ्या, केव्हाही या!"

हाती येईल ते पुढे धाडायचं, हा निरोप्याचा धर्मच. त्यानं किल्लीही धाडली. दुपारपर्यंत घड्याळ, विजेरी, हवामान सगळे आत शिरले, आणि नवरीच्या आईचा, पाठवणीच्या वेळी मोरीत जाऊन रडतानाचा, ताईंनी जपून ठेवलेला फोटो चारचौघांत फिरला.

ताईंनी कुलूप बदललं. पुढच्या खेपेला त्यांनी खिडकीतूनच चिठ्ठी दिली: एकच फोटो, नुसता बघायला, संध्याकाळपर्यंत.

"एवढा अविश्वास?" निरोप्या फुगला. "आत या म्हणायचंही नाही?"

"ओसरीवर बसा की. चहा टाकते."

"छे, कामं पडलीत."

संध्याकाळी मुदत संपली, तसा फोटो निमूट घरी परतला. दार लावता लावता ताईंनी त्याला हळूच विचारलं, "माझी चौकशी केली का रे कुणी?"